आबांचा दम आणि अकरा दिवस

मेडिकलची जागा घ्यायची की सोडायची, हे ठरवायला माझ्याकडे अकरा दिवस होते. तसं पाहिलं तर ठरवण्यासारखं काही नव्हतंच. पत्र आलं होतं, कॉलेज सरकारी होतं, मार्कही पुरले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. अशा घरातल्या मुलीला मेडिकलला जागा मिळते आणि ती विचार करत बसते, हे सांगायला मला आजही संकोच वाटतो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आम्ही कबनूरला राहायचो. आबा इचलकरंजीच्या एका कारखान्यात यंत्रमागावर होते. आई त्याच शेडच्या टोकाला बसून कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायची सुताची लहान रीळ. दोघं घरी यायची तेव्हा त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर सुताची पांढरी लव बसलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं रोज संध्याकाळी म्हातारी होतात आणि सकाळी अंघोळ केली की परत तरुण होतात.

पत्र आलं त्याच आठवड्यात वस्तीतल्या विहारात पास झालेल्या मुलांचा सत्कार होता. दरवर्षी पेन आणि वही मिळायची. माझ्या वेळी मंडळींनी ठरवून स्टेथोस्कोप आणला. कुणी सुचवलं कुणास ठाऊक. मला अजून कॉलेजची पायरीसुद्धा दिसली नव्हती आणि माझ्या गळ्यात तो घातला गेला. टाळ्या झाल्या. मग कार्यक्रम संपायच्या आतच समोरच्या सतरंजीवर माणसं पाठ करून बसली.

"आता पयलं पेशंट आमीच," एक आजी म्हणाल्या.

मी नळ्या कानात घातल्या आणि त्यांच्या पाठीला चकती लावली. मला फक्त लुगडं घासल्याचा आवाज आला.

"काय म्हणतंय?"

"बरं आहे, आजी."

"बरं कसलं? चार दिस झाले, झोप न्हाय मला. नीट बग की!"

सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

घरी आल्यावर मी आबांच्या पाठीला तो लावून बघितला. आत बारीक शिट्टी वाजत होती, दूरवर कुणीतरी फुंकत असल्यासारखी. ती चांगली की वाईट, हे मला माहीत नव्हतं. पण ती शिट्टी कोणत्या दिवशी जास्त असेल याचा मात्र मला अंदाज होता. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आबा तरुणपणी कबड्डी खेळायचे. त्यांचा दम सगळ्या कबनुरात नावाजलेला होता. एका दमात ते चढाई करून, दोघांना शिवून, निवांत परत यायचे, असं त्यांचे जुने सोबती सांगायचे. मी लहान असताना आबा गंमत म्हणून अंगणात "कबड्डी, कबड्डी" म्हणत धावायचे आणि मी त्यांच्या मागं. बारावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत, एका संध्याकाळी त्यांनी शेजारच्या पोरांना तसाच दम धरून दाखवला आणि मध्येच खोकला आला. पोरं हसली. आबाही हसले आणि म्हणाले, "आज सुट्टीनंतरची पयली पाळी हाय न्हवं. उद्या बगा."

ते सहज बोलून गेले, पण मला ते खटकलं. कारखान्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असायची. सुट्टीत माणूस आराम करतो. मग सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला दम कमी का? उलट त्या दिवशी तर जास्त हवा.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन बसले. आबा पाळीवरून आले, चहा प्याले, की मी म्हणायचे, "आबा, दम धरा." ते अंगणातल्या फरशीवर बसून "कबड्डी, कबड्डी" सुरू करायचे आणि मी सेकंदकाटा बघायचे. आकडा वहीत. हा खेळ दीड-दोन महिने चालला. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आकडा खाली यायचा, मग आठवडाभर हळूहळू वर चढायचा, आणि पुढच्या सुट्टीनंतर परत खाली. एकदा सोडून दर वेळी. त्या एका वेळी काय झालं होतं हे शोधण्यात मी दोन दिवस घालवले आणि मग कळलं की त्या दिवशी वीज नव्हती म्हणून अर्ध्याच वेळात पाळी सुटली होती. ते कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की बारावीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. निकालाच्या दिवशी आबा रडले होते. मी मात्र बघत राहिले होते.

तर पत्र आलं तेव्हा माझ्याकडे ही वही होती. आणि मला कुणाला सांगताही येत नव्हतं की मेडिकलच्या पत्रापेक्षा मला वहीत काय आहे याचीच जास्त ओढ आहे. वस्तीनं गळ्यात स्टेथोस्कोप घातला होता. आबांनी मुकादमाला पोरगी डॉक्टर होणार म्हणून सांगून टाकलं होतं. मी ठरवलं, एकट्या आबांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. अकरा दिवसांत आणखी माणसांचा दम मोजायचा. खरं निघालं तर निदान कुणाला तरी दाखवता येईल. त्यापुढं काय, ते मला दिसत नव्हतं.

आबांनी वस्तीतल्या आठ मागवाल्यांना गोळा केलं. संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर बसायचं, एकेकानं दम धरायचा, मी लिहायचं. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "काल सगळ्यात जास्त कुणाचा?" आणि मी भाबडेपणानं आकडा वाचून दाखवला.

तिथंच सगळं बिघडलं. कबड्डीच्या गावात दमाचा आकडा जाहीर करणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी बघायला गर्दी जमली. चौथ्या दिवशी कुणीतरी जिंकणाऱ्याला चुरमुऱ्यांच्या भडंगाचा पुडा लावला.

"अंपायर हिकडं बसवा! हा नाकातनं चोरून दम घेतोय!"

"कुटं घेतला? त्वांड बंद ठिवून बग की तू!"

"ए पोरी, त्याचं दोन सेकंद कापून लिव."

"काका, हे कापायचं नसतं..."

"असं कसं? फाऊल हाय त्यो!"

एक काका पाळी चुकवून, दुपारी झोप काढून ताजेतवाने होऊन आले. दुसरे कारखान्यामागं दम वाढवायचा सराव करत होते, हे त्यांच्याच मुलानं सांगितलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, ज्या दिवशी माझ्या मते सगळ्यांचे आकडे खाली यायला हवे होते, त्या दिवशी ते आठवड्यातले सगळ्यात जास्त आले. आबांचासुद्धा. आबा तर चेहरा लाल होईपर्यंत थांबले नाहीत. जिंकलेला भडंगाचा पुडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि धापा टाकत म्हणाले, "घे. डॉक्टरचा बा हाय म्या."

मी कट्ट्यावर भडंग खात बसले. सात दिवस गेले होते. वहीची आठ पानं फुकट गेली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी विचार करत होते की, पुढच्या वेळी आकडा कुणालाच सांगायचा नाही. पाळीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजायचं. कामाला न गेलेल्या माणसाचं वेगळं लिहायचं. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे, ज्याचा दम मोजायचा त्याला तो मोजला जातोय हे माहीतच नसेल तर?

पुढच्या वेळी. मी मनात सारखं "पुढच्या वेळी" म्हणत होते. मेडिकलला गेले तर पुढची वेळ कुठून येणार होती?

त्याच संध्याकाळी घरी आई वंदना म्हणत होती. ती रोज म्हणायची, दिवा लावून, एका संथ सुरात. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, त्यामुळं खरं तर ऐकतच नव्हतो. त्या दिवशी ऐकलं. जी ओळ ती एरवी एका श्वासात म्हणायची, तिच्या मधेच ती थांबली, श्वास घेतला आणि पुढं गेली.  सुट्टीनंतरची पहिली पाळी होती. आई तर त्याच शेडमध्ये बसायची. दोन महिने मी आबांच्या दमाच्या मागं होते आणि आईचा दम मोजावा असं माझ्या मनातही आलं नव्हतं. ती कबड्डी खेळली नव्हती ना, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी परत ऐकलं. ती जरा पुढच्या शब्दाला थांबली. मी वहीत खूण केली. तिनं बघितलं.

"काय लिवतीस?"

मी सांगितलं.

"चोरून मोजतीस व्हय माजा दम?" ती म्हणाली. मग परातीशी जाऊन बसली. भाकरी थापता थापता म्हणाली, "मला वाटायचं, ते वयामुळं असंल. आज कमी, उद्या जास्त, असं वय असतंय व्हय, ह्येचा म्या कदी इचारच केला न्हाय."

दहाव्या दिवशी आबा मला घेऊन कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. आबांचं म्हणणं, त्यांच्याकडूनच विचारून घेऊ, मेडिकलला सोबत काय काय न्यायचं. माझ्या पिशवीत वही होती. दुकानांच्या वर, जिन्यानं जाऊन, बाकावर दोन तास बसल्यावर आमचा नंबर आला. डॉक्टरांनी आबांना तपासलं. मी वही पुढं केली.

त्यांनी आधी पानं उलटली, मग परत पहिल्या पानावर आले. "कबड्डीचा दम?" असं म्हणून हसले. मग हसायचे थांबले.

"याला पुस्तकात नाव आहे," ते म्हणाले. "सूतगिरण्यांतल्या लोकांना होतं. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते. जुनी गोष्ट आहे."

म्हणजे मी शोधलेलं सगळ्यांना माहीत होतं. माझा चेहरा उतरला असणार. पण लगेच दुसरं डोक्यात आलं.

"मग सुट्टीनंतरच का, सर?"

"धुळीतलं काहीतरी असतं. कुणी म्हणतं सुताबरोबर जिवाणू येतात त्यांच्यामुळं, कुणी आणखी काही म्हणतं. नक्की सांगता येत नाही."

"नक्की कोण सांगतं?"

"ते शोधणारी माणसं वेगळी असतात."

"ती कुठं असतात?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मला आजही वाटतं, तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. आणि मी तो हुशारीनं विचारला नव्हता. मला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टर कुठं असतो हे मला ठाऊक होतं, मास्तर, तलाठी, कंडक्टर कुठं असतात हेही. शोधणारी माणसं कुठं बसतात, सकाळी किती वाजता कामाला जातात, हे कुणी पाहिलं होतं?

"विद्यापीठात असतील," ते म्हणाले. "पुण्या-मुंबईला संस्था आहेत. सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे शिकावं लागेल. डॉक्टर होऊनही करतात काही जण. मीही करणार होतो." त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर बाक भरलेला होता. "पण बाळ, मेडिकलची जागा परत मिळत नाही. घाई करू नकोस."

घाई न करायला माझ्याकडे एक दिवस होता.

परत येताना एसटीत आबा खिडकीशी बसले होते. तिकिटं खिशात घालत म्हणाले, "त्यास्नी पगार असतोय का?"

"कुणाला?"

"त्या शोधणाऱ्यांस्नी."

"असेल."

"असंल म्हंजे? इचारलं न्हाईस?"

"नाही."

"लै शाणी. समदं इचारलंस, तेवढं सोडून."

घरी मी सांगितलं. सांगितलं म्हणजे तांदळाच्या डब्याकडे बघत, तुटक तुटक, मला मेडिकलला जायचं नाही असं पुटपुटले.  आबा उठून बाहेर गेले आणि चप्पल न घालताच अंगणात उभे राहिले. आई बोलली.

"आज ज्याला खोकला हाय, त्यानं काय तुजं शोदून हुईस्तवर थांबायचं?"

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही.

"बोल की."

"त्याच्यासाठी डॉक्टर आहेत, आई."

"आणि तू झालीस तर? पेशंट म्होरं बसल्यावर तुज्या डोक्यात काय असंल?"

मी विचार केला. खोटं बोलावं असं एकदा वाटलं. "हेच असेल. की असं का होतं."

"मग एखाद्याला भलतीच गोळी देशील की," आई म्हणाली. "आमच्यात कांडी भरताना ध्यान दुसरीकडं असलं, तर सूत वाया जातंय. माणसाचं काय हुईल?"

ती हे चेष्टेनं म्हणाली की खरंच, मला कळलं नाही. पण आबा बाहेरून ऐकत होते. त्यांनी आत येऊन तोंड धुतलं आणि विचारलं, "ते दुसऱ्या कॉलेजचं फारम कधी मिळतंय?"

अकराव्या दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो आणि बी.एस्सी.चा फॉर्म भरला. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. मी सोडलेली जागा यादीतल्या पुढच्या कुणाला तरी मिळाली असेल. ते माणूस आता डॉक्टर असणार. मला कधी कधी त्याला भेटून विचारावंसं वाटतं, की बाबा, तुझं कसं चाललंय.

स्टेथोस्कोप मी विहारात परत द्यायला नेला. कुणी घेईना. रागावलं कुणी नाही, पण कट्ट्यावर जो तो दुसऱ्याकडे बघू लागला, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं. शेवटी त्याच आजी म्हणाल्या, "ठिव तुज्याजवळ. मन बदाललं तर?"

माझं मन पूर्ण असं कधी ठरलंच नाही. एम.एस्सी. करत असताना एका दुपारी समोरच्या काकू दम लागून दारात बसल्या आणि लोक मला बोलवायला आले. घरात स्टेथोस्कोप आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी गेले, त्यांचा हात धरला आणि रिक्षा येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला. दवाखान्यात त्यांना बरं वाटलं.  त्या दिवशी, आज ज्याला खोकला हाय त्यानं थांबायचं का, हा आईचा प्रश्न मला नव्यानं ऐकू आला.

आणि तरीही. दोन हजारनंतरची चार-पाच वर्षं उलटली तेव्हा मी विद्यापीठात पीएच.डी. करत होते, आणि माझा विषय होता मागाच्या शेडमधल्या हवेतले जिवाणू. त्यांच्यासाठी प्लेटा वापरतात. काचेची चपटी झाकणाची बशी, आत जेलीसारखं खाद्य. झाकण काढून ठेवलं की हवेतलं जे पडायचं ते पडतं, मग दोन दिवसांत ते वाढतं आणि ठिपके दिसायला लागतात. आबा निवृत्त व्हायला थोडे दिवस होते. माझ्या प्लेटा तेच पाळीवर घेऊन जायचे. वहीत वेळ लिहायचे, झाकण कधी काढलं, कधी लावलं. सुट्टीच्या आधीची पाळी, सुट्टीनंतरची पाळी. आकडा मात्र मी त्यांना कधीच सांगायचे नाही. ते विचारायचे, "कालचं किती आलं?" मी म्हणायचे, "आबा, नाही सांगणार." ते म्हणायचे, "भडंग लागलाय व्हय कुटं?"

एकदा वाढलेल्या प्लेटांपैकी एक मी घरी आणली. झाकणाला चिकटपट्टी लावलेली, उघडता येणार नाही अशी. मला आईला दाखवायची होती. तिनं ती हातात घेतली, दाराच्या उजेडात धरली. आतले ठिपके पिवळट, पांढरे, एक गुलाबी. ती कितीतरी वेळ ते फिरवून बघत होती, रीळ बघावी तशी.

"हे समदं आमच्या शेडमदलं?"

"हो."

"माज्या छातीतबी हेच हाय?"

"माहीत नाही, आई. असेलही. यातलं कुठलं त्रास देतं, की दुसरंच काही देतं, ते अजून कळलेलं नाही."

मला वाटलं, ती आता तेच विचारेल, मग खोकल्याचं काय. तिनं प्लेट माझ्या हातात परत दिली, जपून, दोन्ही हातांनी.

"मग बग की," ती म्हणाली. "नीट बग."